रडवा आवाज

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तू बोटॉक्स घेतेस?" आणि हसत सुटलात. तुमच्या वर्गातल्या कुणाच्या तरी आईने कपाळावरच्या सुरकुत्या घालवायला तेच इंजेक्शन घेतलंय म्हणे. मी हो म्हणाले. पुढचं सांगणार, तेवढ्यात तुमची पोहायला जायची वेळ झाली. म्हणून लिहून पाठवते आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं आणि तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण यातली माणसं मराठीत बोलली आहेत, त्यांना मराठीतच बोलू द्यावं. तुमचा बाबा वाचून दाखवेल. वाचताना तो मध्ये थांबला तर घाई करू नका.

ते इंजेक्शन मी कपाळात घेत नाही, गळ्यात घेते.

आवाजाचा त्रास सुरू झाला तेव्हा तुमचे आजोबा होते. दिवाळीच्या आसपास बोलता बोलता माझा शब्द गळ्यातच आवळला जाऊ लागला. दुखत नव्हतं, खोकला नव्हता, ताप नव्हता. नुसता शब्द अर्ध्यात दाबला जायचा आणि मग थरथरत बाहेर पडायचा. रडू दाबून बोलणाऱ्या माणसाचा आवाज कसा असतो, तसा. "मॅडम, गळ्यात खडा अडकला काय?" असं आजोबांनी एकदा विचारलंही होतं. घरात तेही मला मॅडमच म्हणायचे. दीड महिन्यानंतर, डिसेंबरात, ते गेले. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी माझा आवाज ऐकला त्यांनी त्याचा हिशोब त्या दिवसापासून मांडला. आवाज आधीच बिघडला होता हे माहीत असलेला एकमेव माणूस निघून गेला होता.

आपल्या सिंदीतल्या बौद्ध घरांमध्ये तेरावं वगैरे नसतं. पुण्यानुमोदनाला माणसं जमतात, वंदना होते, आणि लोक कामाला लागतात. पण गल्लीतल्या बायांची एक वेगळी रीत आहे, ती सगळ्यांच्या घरी सारखीच. ज्या घरात माणूस गेलं, तिथल्या बाईला ती नीट बोलायला लागेपर्यंत एकटं सोडायचं नाही. कोणी सकाळी येऊन बसतं, कोणी डबा आणतं. बाईचा आवाज सरळ झाला की ती सावरली असं समजायचं, आणि मग येणं आपोआप कमी होतं. चांगली रीत आहे. मीही कितीजणींकडे अशी बसून आले आहे. फक्त माझा आवाज सरळच होईना. त्यामुळे डबे थांबेनात.

शेजारच्या किराणा दुकानातल्या काकू सगळ्यात नेमाने यायच्या. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण सगळं गाव त्यांना काकू म्हणतं, म्हणून मीही.

"मॅडम, आज भरीत केलं. दोन घास खाऊन घ्या."

"अहो, माझा स्वयंपाक झालाय. आता हे डबे पुरे करा."

'पुरे' या शब्दाचे गळ्यात दोन तुकडे झाले.

"पाहा, बोलता बोलता भरून आलं. काऊन जीवाले त्रास करून घेता जी? रडून घ्या. मोकळं वाटते."

"मी रडत नाहीये."

"हो जी, नाईच रडत तुम्ही. खाऊन घ्या."

मी जितकं ठासून सांगायची तितका गळा आवळायचा, आणि जितका गळा आवळायचा तितकी समोरची बाई जवळ सरकून पाठीवरून हात फिरवायची.

विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत दुपारी ग्रंथवाचन असतं. कितीतरी वर्षं ते माझ्याकडे होतं. त्या वर्षी ते दुसऱ्या एका मुलीला दिलं. "मॅडमले तरास नका देऊ," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. गंमत अशी की वंदना म्हणताना माझा आवाज अगदी साफ निघायचा. गाथा सुरात म्हटल्या की गळ्याला काही व्हायचं नाही. विहारातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याचा अर्थही लावून टाकला, "इथं साफ बोलते अन् घरी गेली का रडते. घरात आठवण येते, दुसरं काय!"

हे सगळं मी सोसलं असतं. तुमच्या बाबाशी फोनवर जे होत होतं ते मात्र सोसवत नव्हतं.

आजोबा गेले तेव्हा त्याला विमान मिळून इथे पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सकाळची वेळ होती, हृदय बंद पडलं, एवढंच त्याला माहीत होतं. आजोबा कसे गेले हे फक्त मी पाहिलं होतं, आणि मला ते त्याला सांगायचं होतं. तो आला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. परत गेल्यावर फोनवर मी किती वेळा सुरुवात केली.

"ऐक ना, त्या सकाळी आम्ही दोघं व्हरांड्यात..."

"आई, नको. प्लीज. आधी तू शांत हो. आपण नंतर बोलू."

नंतर पुन्हा तेच. मी दुसऱ्या वाक्याला पोचायची नाही. त्याच्यावर माझा राग नव्हता. इतक्या लांबून आई रडते आहे असं ऐकू येत असेल आणि हात पोचत नसेल, तर कोणता मुलगा ऐकत बसेल? पण एकाच माणसाला माहीत असलेली गोष्ट त्या माणसाबरोबर जाते. माझं वय पाहता ही काळजी काही उगाच नव्हती. हे मी भीतीने लिहीत नाही, जसं आहे तसं लिहिते.

वर्ष होत आलं तसं त्याने ठरवूनच टाकलं. "तू तिथे एकटी राहू शकत नाहीस. रोज रडतेस. डिसेंबरात येतो, घराचं उरकतो आणि तुला घेऊन जातो." गिऱ्हाईकही बघून झालं होतं. मी नाही म्हणाले. पण त्या आवाजातला नकार नकार वाटतच नव्हता. एखाद्या लहान मुलीने हुंदके देत 'मी नाही जाणार' म्हणावं तसा तो ऐकू गेला असणार. अशा मुलीला कोणी विचारत नाही, उचलून नेतात.

तोवर माझं वर्ध्याला दोन डॉक्टरांना दाखवून झालं होतं. एकांनी गुळण्या आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी घरात काय घडलं ते विचारलं आणि मन उदास असल्याच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी झोप छान लागली. आवाज होता तसाच राहिला. मग कोणीतरी नागपूरच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. एकटीला जाऊ द्यायचं नाही म्हणून काकू दुकान नवऱ्यावर सोपवून माझ्याबरोबर गाडीत बसल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. घरी कोण गेलं, असं त्यांनी विचारलंच नाही. वर्षभरात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या म्हणाल्या, "एक ते दहा आकडे म्हणा." म्हटले, अडखळत, आवळत. "आता तेच कुजबुजत म्हणा." साफ निघाले. "आता काहीतरी गा." मला गाणं सुचेना, म्हणून पंचशील म्हटलं. आवाज एकदाही अडकला नाही. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग नाकातून बारीकसा कॅमेरा घालून त्यांनी गळा पाहिला, आणि पडद्यावर मलाही दाखवला. बोलताना स्वरतंतू अलगद मिटायला हवेत. माझे दोन माणसांनी हट्टाने दार लावून धरावं तसे घट्ट मिटत होते. स्पॅझ्मॉडिक डिस्फोनिया असं त्याचं नाव. मेंदूकडून एका छोट्या स्नायूला चुकीचा निरोप जातो. कुजबुजताना, गाताना, हसताना तो बऱ्याचदा जात नाही. असं का, हे अजून कोणालाच नीट माहीत नाही, तेही त्यांनी सांगून टाकलं.

"म्हणजे हे दुःखाने झालेलं नाही?" मी विचारलं.

"मनावर ताण असला की वाढतं. पण हा दुःखाचा आजार नव्हे."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे मॅडम, तुम्ही खरंच रडून नव्हत्या राह्यल्या?"

"नाही हो. केव्हाची सांगतेय."

"बाप्पा! अन् म्या वर्षभर भरीत खाऊ घातलं वो तुमाले!"

मी हसले. बाई म्हणाल्या, "बघा, हसूसुद्धा अडकलं नाही."

उपाय म्हणून त्यांनी जे इंजेक्शन सांगितलं, ते तुमचं बोटॉक्स. हवाबंद अन्न नासलं की त्यात कधीकधी एक जिवाणू वाढतो. त्याचं हे विष. ते पोटात गेलं तर माणसाचे स्नायू एकेक करून ढिले पडतात, शेवटी श्वासाचेसुद्धा. तेच विष अगदी नखाएवढंही नाही इतकं, नेमक्या स्नायूत सोडलं, की तेवढाच स्नायू सैल होतो. कोणाच्या पापण्या आपोआप गच्च मिटतात, कोणाची मान वळून राहते, पक्षाघातानंतर कोणाची मूठ उघडत नाही. अशा सगळ्यांना ते देतात. कपाळाच्या आठ्याही स्नायूच आवळून पाडतात, म्हणून त्यांनाही देतात. परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि मग ओसरतो. पुन्हा घ्यावं लागतं. आजार बरा होत नाही, थोडे दिवस बाजूला सरतो.

"पार्लरवाल्या आमच्या भाचीनं सांगतलं होतं," काकू म्हणाल्या, "नट्या लावतात म्हणे थे तोंडाले. मॅडमच्या कपाळालेबी लावून द्या मंग, उरलं तं."

"उरत नाही हो काकू," बाई हसत म्हणाल्या.

इंजेक्शनच्या दिवशी बाहेर बाकावर माझ्या शेजारी कारंजाकडचे एक गृहस्थ बसले होते. पूर्वी ट्रक चालवायचे. त्यांची मान डावीकडे वळलेली होती आणि सरळ करायला ते गालाला एक बोट टेकवून बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी सांत्वनाचं एक अक्षर काढलं नाही. "गळ्याचं हाये काय, मावशी?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. "मानेत घेतो मी. तीन महिने रस्ता समोर दिसते. मग पुन्हा बाजूचं वावर." मग म्हणाले, "गाडी गेली ना पण. आता ढाब्यावर गल्ला सांभाळतो." आम्ही दोघं आपापल्या हाकेची वाट बघत शेजारी बसून राहिलो. त्या वर्षातली ती मला सगळ्यात बरी वाटलेली सोबत.

मला उताणं झोपवून खांद्याखाली उशी दिली. सुई गळ्याच्या समोरून आत गेली. बाजूच्या यंत्रातून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा तडतडाट येत होता. "ई म्हणा," बाई म्हणाल्या. मी 'ई' म्हटलं तसा तडतडाट वाढला. तो माझ्याच स्नायूचा आवाज होता. "गिळू नका. झालं." खरोखर झालं होतं.

पहिले दहा-पंधरा दिवस आवाज वाऱ्यासारखा होईल आणि पाणी पिताना ठसका लागेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी तारखा जुळवून घेतल्या होत्या. तुमचा बाबा यायच्या आत आवाज यायला हवा होता. पण घराचं गिऱ्हाईक घाई करू लागलं आणि तो आठवडाभर आधीच येऊन दारात उभा राहिला. मी "ये रे" म्हणाले ते मलाही ऐकू आलं नाही.

"आई! आता तर आवाजच गेला!"

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. तो एकदम मागे सरकला.

"विष? गळ्यात? मला न विचारता?"

"सांगायला फोन केला होता," मी कुजबुजले. "तू म्हणालास, नंतर बोलू."

पण त्याचं मत काही बदललं नाही. उलट पक्कं झालं. मी हनुवटी खाली करून घोट घोट पाणी पिताना तो समोर बसून बघायचा. मला ठसका लागला की उठून उभा राहायचा. दोन दिवसांनी तो गिऱ्हाईक माणूस आला. कापसाच्या दलालीतल्या घरचा, बोलायला गोड. समोरच्या खोलीत बसून भिंतींकडे आणि छताकडे बघत होता. "मावशींची तब्येत पाहता तुम्ही घेऊन चालले हे बरंच करून राह्यले," असं तो तुमच्या बाबाला म्हणाला. मी तिथेच बसले होते. मी 'नाही' म्हटलं. नेमकी स्टेशनातून मालगाडी जात होती, आणि माझा वाऱ्याचा शब्द तिच्या खडखडाटात गेला. ते दोघं कागदपत्रांचं बोलत राहिले. या घराची जागा आजोबांनी मालगाड्या ऐकू याव्यात म्हणून निवडली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती जागा चुकीची वाटली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी कुंपणापाशी उभी राहून काकूंना विचारलं, "दूधवाला येऊन गेला का हो?" वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड बाहेर पडलं. थोडं घोगरं, पण सरळ. काकू हातातला झाडू धरून उभ्याच राहिल्या.

"कोण बोललं?"

"मी."

"पुन्हा बोला."

मी पुन्हा बोलले. आतून तुमचा बाबा दात घासायचा ब्रश तोंडात धरून बाहेर आला आणि पायरीवर थांबला.

त्याला तोंड धुऊ दिलं, चहा दिला आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसवलं. "मला एक सांगायचं आहे," मी म्हटलं. "मध्ये थांबवू नकोस." तो थांबवणार नव्हता. थांबवण्यासारखं त्या आवाजात काही उरलंच नव्हतं. मी वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं.

मोतीबिंदूमुळे आजोबांना बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती. सकाळी इथेच उन्हात बसून मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. आधी बाजारभाव, मग बाकीचं. स्टेशनच्या मालधक्क्यावर कापसाच्या गाठी बुक करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून बाजारभाव आधी. त्या दिवसांत माझा शब्द अडकू लागला होता. अडकला की ते डोळे मिटूनच पुढचा शब्द सांगायचे. बाजारभावाची वाक्यं रोज तीच असतात. त्यांना ती पाठ होती. कधी मुद्दाम भलताच शब्द सांगायचे. सोयाबीनच्या जागी शेवयाची खीर. मग मला हसू यायचं, आणि हसता हसता अडकलेला शब्द सुटायचा. हे त्यांना त्यांचंच सापडलं होतं.

त्या सकाळी दाढी करून बसले होते. कापसाची बातमी चालली होती. एक शब्द अडकला. मी थांबले. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आज काहीतरी फारच गमतीचं शोधतायत. मी वाट पाहिली. मग वाटलं, आज माझ्याकडूनच म्हणून घ्यायचा विचार दिसतो. म्हणून मी मान वर न करता त्या शब्दाशी झटत राहिले. बऱ्याच वेळाने तो निघाला. वाक्य पूर्ण केलं. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"त्यांना त्रास झाला नाही," मी तुमच्या बाबाला म्हटलं. "हात मांडीवर होता तो तसाच होता. मान थोडी माझ्याकडे होती, ऐकत असताना असायची तशी. मी पेपरची घडी घातली, त्यांचा चष्मा काढून ठेवला आणि तुला फोन लावला."

सांगून झालं. माझा आवाज एकदाही हलला नाही. इंजेक्शनने तो हलण्याची सोयच काढून घेतली होती, की मी वर्षभर मनात सांगून सांगून तो सरळ केला होता, ते मला कळलं नाही. तुमचा बाबा रडत होता. दोन्ही हातांनी खुर्ची धरून, मोठ्याने. लहानपणानंतर मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. कुंपणापलीकडे काकूंचा झाडू थांबला होता. मी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "कोणता शब्द होता, आई?"

"आवक," मी म्हणाले.

"आवक," त्याने म्हणून पाहिलं.

संध्याकाळी तो गिऱ्हाईक माणूस विसाराची बोलणी करायला आला. दार मी उघडलं.

"घर विकायचं नाही," मी त्याला म्हटलं. "तुम्हाला हेलपाटे पडले, माफ करा."

तो माझ्या खांद्यावरून तुमच्या बाबाकडे बघू लागला. "भाऊ, काय झालं? परवा तं ठरलं होतं आपलं."

"आई सांगतेय ना," तुमचा बाबा आतून म्हणाला. "तिला विचारा."

तो माणूस पुन्हा माझ्याकडे वळला आणि मी काय म्हणते त्याची वाट पाहू लागला.